मृत्युपत्राची कुळकथा



आजच्या भाषणाचा विषय ऐकतांच कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल, आणि घरांतील एखादी वडीलधारी बाई, "तिन्हीसांजेला हा अभद्र विषय कशाला?" असेंहि म्हणेल. 'मृत्युपत्र' हा शब्दच असा आहे कीं, त्याचा उच्चार करणाराचे दिवस भरत आले असें ऐकणाराला वाटावें. वास्तविक हा कागद जाणाराच्या उपयोगाचा नसून मागें राहणारांच्या उपयोगाचा आहे. त्यांत मरणाविषयीं एखादेंच वाक्य असतें. बाकीचीं सारीं वाक्यें घर, शेत, दागिने, ठेवी आणि माणसें यांविषयीं असतात. माझा धंदा मास्तरकीचा, वकिलीचा नव्हे. जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, तेव्हां या कागदाकडेहि मी इतिहासाच्या बाजूनेंच पाहणार आहें. तो आपल्याकडे केव्हां आला, कोणीं आणला, आणि आला नव्हता तेव्हां लोकांचें कसें चालत होतें, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे त्याची भीति पुष्कळशी नाहींशी होते.

नाशीक हें नोंदी ठेवणारांचें गांव आहे. गोदाकांठीं पंचवटींत किंवा वर त्र्यंबकेश्वरीं जाऊन आपलें आडनांव व मूळ गांव सांगितलें, कीं कुळाचे तीर्थोपाध्याय आपली चोपडी उलगडतात आणि आपल्या आज्याची, पणज्याची, कधीं त्याच्याहि मागच्या पिढीची नोंद पुढें ठेवतात. कोण कोणाचा मुलगा, कोणाला किती भाऊ, कोण केव्हां यात्रेस आला, हें सारें त्यांत असतें. वारसाचे दावे लागले म्हणजे वंशावळ सिद्ध करण्यासाठीं अशा चोपड्या कोर्टांत पुराव्यादाखल दाखविल्या जातात. परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कोण कोणाचा, हें आपल्या पूर्वजांनीं इतक्या काळजीनें लिहून ठेविलें. काय कोणाला, हें मात्र सहसा लिहिलें नाहीं. हा त्यांचा आळस नव्हता. त्यांच्या शास्त्राप्रमाणें तें लिहिण्याची गरज नव्हती. किंबहुना तसें लिहिण्याचा अधिकारच बहुतेकांना नव्हता.

तें शास्त्र कोणतें, हें थोडक्यांत पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वरानें मिताक्षरा नांवाची टीका लिहिली, ती चालुक्यराजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीच्या दरबारीं, म्हणजे सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं. पुढें सतराव्या शतकांत नीळकंठ भट्टानें व्यवहारमयूख रचला. हा नीळकंठ काशीचा पंडित म्हणून गाजला खरा, पण त्याचें घराणें मूळचें पैठणचें, म्हणजे आपल्याच गोदावरीच्या कांठचें. या दोन ग्रंथांच्या आधारानें महाराष्ट्रांतला वारसा चालत आला. मिताक्षरेचा मुख्य सिद्धांत असा कीं, वडिलार्जित मिळकतींत मुलाचा हक्क बापाच्या मरणानें नव्हे, तर मुलाच्या जन्मानेंच उत्पन्न होतो. पाळण्यांतला मुलगाहि घराचा भागीदार! एक भागीदार वारला म्हणजे त्याचा वांटा इतरांच्या वांट्यांत आपोआप मिसळून जाई. अशा घरांतील कर्त्या पुरुषापाशीं मरतेवेळीं स्वतःचें म्हणून देण्यासारखें उरणार तें काय? विधवेला अन्नवस्त्र, मुलीला लग्नाचा खर्च, निपुत्रिकाला दत्तक, अशी सारी तजवीज शास्त्रानेंच करून ठेविलेली होती. इंग्रज गृहस्थ जें मृत्युपत्रानें साधीत असे, त्यांतील पुष्कळसें आपला गृहस्थ दत्तकानें साधीत असे.

याचा अर्थ शेवटची इच्छा कोणी कागदावर उतरवीतच नसे, असा मात्र नाहीं. १७४९ सालीं सातारचे छत्रपति शाहू महाराज आसन्नमरण झाले, तेव्हां त्यांनीं आपल्या मागें राज्याचा कारभार पेशव्यांनीं कसा चालवावा, याविषयीं स्वदस्तुरच्या याद्या लिहून दिल्या. थोरले माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरांत थेऊरास वारले. त्यापूर्वीं कांहीं आठवडे त्यांनीं नऊ कलमांची एक यादी करून तीवर सही केली. राज्यावरचें कर्ज फेडावें, काशी व प्रयाग हीं क्षेत्रें सोडवावीं, असे त्यांतले विषय आहेत. त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई त्या काळीं आपल्या नाशकाजवळच गंगापुरास राहत होत्या. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं मरणाच्या दारीं उभा असलेला हा पुरुष पहिल्यानें कर्जफेडीचा विचार करतो, हें आजहि मृत्युपत्र लिहिणारानें मनांत ठेवण्यासारखें आहे.

पण हे कागद राज्याच्या व्यवस्थेचे होत. सामान्य गृहस्थाची व्यवस्था तोंडीच होई. तोंडांत गंगाजल घालतांना जें कानांवर पडलें, तें घरानें पाळावयाचें, अशी रीत होती. बापानें धर्मार्थ कबूल केलेलें दान तो वारल्यास मुलानें पुरें करावें, असें कात्यायनाचें वचनहि आहे. मात्र ऐकणारे चार असले म्हणजे आठवणीहि चार होतात, हें कोणत्याहि शास्त्राला टाळतां आलें नाहीं.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि नाशकावर इंग्रजांचा अंमल बसला. इंग्रजांच्या देशांत मृत्युपत्राची चाल जुनी. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५४० सालीं, जमीन मृत्युपत्रानें देतां येईल असा कायदा तेथें झाला, आणि १८३७ च्या कायद्यानें दोन साक्षीदारांचा नियम पक्का झाला. हे लोक न्यायासनावर बसले, तेव्हां त्यांनीं आमच्या शास्त्र्यांना विचारलें, "तुमच्या शास्त्रांत मृत्युपत्राला काय म्हणतात?" शास्त्र्यांनीं साहजिकच उत्तर दिलें कीं, असें कांहीं शास्त्रांत नाहीं. तरी व्यवहार शास्त्र्यांसाठीं थांबला नाहीं. मुंबईकलकत्त्याच्या सावकारांनीं व व्यापाऱ्यांनीं स्वतःच्या कष्टानें पैसा मिळविला होता. तो वडिलार्जित नव्हता, आणि त्यावर मुलाचा जन्मसिद्ध हक्कहि नव्हता. तो आपल्या इच्छेनें वांटावा, असें त्यांना वाटूं लागलें. एल्फिन्स्टनसाहेबांच्या १८२७ च्या रेग्युलेशनांपैकीं आठव्यांत वारसांबरोबरच मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनाहि मान्यता देण्याची तरतूद आहे. यावरून मुंबई इलाख्यांत ही चाल तेव्हांच शिरली होती, हें उघड होतें. गंमत अशी कीं, वारस दाखला मिळविण्यासाठीं महाराष्ट्रांत आजहि याच दोनशें वर्षांच्या जुन्या रेग्युलेशनाचा आधार घेतला जातो.

हळूहळू न्यायाधीशांनीं एक युक्तिवाद बसविला. हयातींत दान करण्याचा अधिकार हिंदूला आहेच; मग मृत्युपत्र म्हणजे मरणाच्या क्षणीं अमलांत येणारें दान, असें कां मानूं नये? १८५६ सालीं मद्रासकडील एका दाव्यांत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलानें हिंदूचा हा अधिकार मान्य केला, आणि पुढील दहाबारा वर्षांत तो सर्वत्र रूढ झाला. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार ठाकूर यांचा एकुलता मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला होता. बापानें १८६२ सालीं मृत्युपत्र करून त्याला वगळलें व मोठी मिळकत दुसऱ्यांना, त्यांच्यामागून अजून जन्मासहि न आलेल्या वंशजांना, पिढ्यान् पिढ्या बांधून दिली. १८७२ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें निर्णय दिला कीं, स्वतःची मिळकत मुलाला न देण्याचा अधिकार बापाला आहे. पण लिहिणाराच्या मरणसमयीं जो जन्मलाच नाहीं त्याला दान देतां येत नाहीं. यामुळें पहिल्या मालकाच्या हयातीनंतर ती मिळकत, ज्याला वगळलें होतें त्या मुलाकडेच जावयाची ठरली. मृत्युपत्रानें मेलेल्यानें जिवंतांवर कायमचें राज्य करूं नये, ही मर्यादा त्या दिवशीं पडली.

आतां आपल्या नाशकाशीं निगडित अशी एक चमत्कारिक गोष्ट सांगतों. १८७० सालीं हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा झाला. लेखी कागद, सही, आणि दोन साक्षीदार, हा नियम त्यानें घालून दिला. पण तो लागू कोठें? बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नराच्या मुलखांत, आणि मद्रास व मुंबई या दोन शहरांत; तोहि १ सप्टेंबर १८७० पासून पुढच्या मृत्युपत्रांना. नाशीक, पुणें, नगर, खानदेश, सारें त्याच्या कक्षेबाहेर राहिलें. परिणाम असा कीं, गिरगांवांत राहणाऱ्या गृहस्थाला दोन साक्षीदारांवांचून मृत्युपत्र करतां येईना. आणि त्याच्याच नाशकांतल्या सख्ख्या भावानें मरतांना तोंडानें सांगितलेली व्यवस्थाहि, पुराव्यानें सिद्ध झाली तर, कायदेशीर ठरे! आगगाडीच्या एका टोकाला एक न्याय आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. नाशीककराची मुंबईंत एखादी चाळ असली तर त्या चाळीपुरता मुंबईचा नियम, आणि नाशकांतल्या वाड्याला जुनी मोकळीक. ही स्थिति थोडीथोडकी नव्हे, छपन्न वर्षें टिकली. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यांत पुढें दुरुस्ती होऊन, १ जानेवारी १९२७ पासून केलेल्या प्रत्येक हिंदूच्या मृत्युपत्राला, मग तें कोठेंहि केलेलें असो, लेखाचा व दोन साक्षीदारांचा नियम लागू झाला. नाशकाच्या दृष्टीनें तोंडी मृत्युपत्राचा काळ त्या दिवशीं संपला. "आबा मला म्हणाले होते," या वाक्याला तेव्हांपासून कोर्टांत किंमत राहिली नाहीं. घरांत मात्र तें अजून उच्चारलें जातें.

दुसरी मर्यादा वडिलार्जित मिळकतीची. लक्ष्मण दादा नाईक विरुद्ध रामचंद्र दादा नाईक या मुंबई इलाख्यांतील दाव्यांत १८८० सालीं प्रिव्ही कौन्सिलानें ठरविलें कीं, एकत्र कुटुंबांतील आपला अविभक्त हिस्सा बापाला मृत्युपत्रानें देतां येत नाहीं; कारण त्याचे डोळे मिटतांच तो हिस्सा सहभागीदारांकडे गेलेला असतो, आणि मृत्युपत्र बोलूं लागतें तेव्हां देण्यास कांहीं शिल्लक नसतें. मिताक्षरेचा सिद्धांत लंडनच्या न्यायमंदिरांतहि असा टिकून राहिला, आणि तो हिंदु वारसा कायदा होईपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, टिकला. १९५६ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमानें अविभक्त हिश्श्याचेंहि मृत्युपत्र करण्याची मुभा दिली. पुढें महाराष्ट्रांत १९९४ सालीं व साऱ्या देशांत २००५ सालीं मुलीहि जन्मानें सहभागीदार झाल्या. तेव्हां आज मृत्युपत्र लिहावयास बसलेल्या बापानें, यांतलें माझें किती आणि मुलामुलींचें जन्मानें झालेलें किती, हा प्रश्न पहिल्यानें सोडविला पाहिजे. जें आपलें नाहीं तें कितीहि सुंदर अक्षरांत लिहून दिलें तरी तें जात नाहीं.

कायद्याची हकीकत एवढी पुरे. कागदाची खरी किंमत माणसांच्या कथांवरून कळते. म्हणून पुण्यांतील दोन मृत्युपत्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं. दोहोंमध्यें दहा वर्षांचें अंतर आहे.

पहिलें जोतीराव फुले यांचें, १० जुलै १८८७ चें. जोतीराव व सावित्रीबाई यांना मूल नव्हतें. काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनीं जवळ केला, तोच यशवंत. भाऊबंदांना व जातीला हा मुलगा रुचण्यासारखा नव्हता, आणि आपल्या मागें त्याला कोणीहि उघड्यावर काढील हें जोतीराव ओळखून होते. तेव्हां अंगांत शक्ति असतांनाच त्यांनीं मृत्युपत्र करून तें सरकारांत नोंदविलें. पत्नीची व मुलाची व्यवस्था, मुलाचें शिक्षण, तो नीट न निघाल्यास सत्यशोधक समाजानें काय करावें, आपला अंत्यविधि कसा व्हावा, असा सारा विचार त्यांत आहे. पुढच्याच वर्षीं, १८८८ त, त्यांना पक्षाघात झाला. २८ नोव्हेंबर १८९० ला ते वारले. आपला देह दहन न करितां मिठांत पुरावा, ही त्यांची इच्छा मात्र सिद्धीस गेली नाहीं. त्यास परवानगी मिळाली नाहीं व दहनच करावें लागलें. अंत्ययात्रेंत टिटवें कोणीं धरावें यावरून भाऊबंदांनीं यशवंताला अडविलें, तेव्हां सावित्रीबाईंनीं तें स्वतः हातीं धरिलें. कागद काय करूं शकतो व काय करूं शकत नाहीं, दोन्ही गोष्टी येथें दिसतात. समाजाचें मन त्यानें पालटलें नाहीं, अंत्यविधीची इच्छाहि पुरी झाली नाहीं. पण ज्या मुलाला रूढि आपला म्हणावयास तयार नव्हती, त्याला बापानें आपला म्हटल्याचा लेख सरकारी दफ्तरांत कायम झाला. हा यशवंत पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंनीं रोग्यांची शुश्रूषा करतांना देह ठेविला, तेव्हां तो त्याच कामांत त्यांच्याबरोबर होता.

दुसरें मृत्युपत्र सरदार वासुदेव हरिहर पंडित, म्हणजेच बाबा महाराज, यांचें. पुण्यांत त्यांना पटकी झाली आणि ७ ऑगस्ट १८९७ ला ते वारले. मृत्युपत्रहि त्याच दिवसाचें. पत्नी ताई महाराज कोवळ्या वयाची व गरोदर. व्यवस्थापकांत लोकमान्य टिळक व अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे मित्र. टिळकांवर तेव्हां राजद्रोहाचा खटला होता, आणि तीनच दिवसांपूर्वीं ते जामिनावर सुटले होते. तरी मरणाऱ्या मित्राचा शब्द त्यांच्यानें मोडवेना. मुलगा न झाल्यास, किंवा होऊन न जगल्यास, व्यवस्थापकांच्या संमतीनें दत्तक घ्यावा, असा कागदाचा आशय. मुलगा झाला व थोड्याच काळांत वारला. १९०१ च्या जूनांत औरंगाबादेस जगन्नाथ नांवाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुढें ताई महाराजांचें मन फिरलें, दुसरा दत्तक उभा राहिला, आणि दाव्यांवर दावे सुरू झाले. टिळकांवर फौजदारी खटला होऊन १९०३ सालीं त्यांना शिक्षा झाली. मार्च १९०४ त हायकोर्टानें त्यांना निर्दोष सोडलें. दत्तकाचा दिवाणी वाद लंडनपर्यंत गेला, आणि २६ मार्च १९१५ रोजीं प्रिव्ही कौन्सिलानें जगन्नाथाचा दत्तक खरा ठरविला. ताई महाराज १९०३ तच वारल्या होत्या. एका दिवसांत लिहिलेला कागद. तो निस्तरावयास साडेसतरा वर्षें लागलीं.

या दोन कागदांत मला मुख्य फरक दिसतो तो वेळेचा. एक लिहिणारा स्वस्थ चित्तानें, वर्षाच्या एखाद्या साध्या दिवशीं लिहीत होता. दुसऱ्याच्या उशाशीं वैद्य बसला होता. व्यवस्थापक कितीहि थोर असले, तरी घाईंत लिहिलेला कागद त्यांच्याहि गळ्याला फांस होऊं शकतो.

'मृत्युपत्र' हा शब्द नाशीककरांना आणखी एका कारणानें परिचित आहे. भगूरच्या सावरकरांनीं १९१० सालीं लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगांतून आपल्या वहिनींना जी कविता पाठविली, तिचें नांवच 'माझें मृत्युपत्र' असें आहे. पण तेथें वांटण्यासारखी मिळकत नव्हती. आजचा आपला विषय त्याहून पुष्कळच साधा, संसारी आहे.

संसारांत सर्वांत मोठा प्रश्न बायकांचा. जुन्या कायद्यांत विधवेला मिळकत मिळाली तरी ती हयातीपुरती. विकण्याचा अधिकार नाहीं, मागें पुन्हां नवऱ्याच्या वारसांकडे. १९३७ सालीं डॉक्टर देशमुखांच्या प्रयत्नानें विधवेला मुलाच्या बरोबरीचा वांटा देणारा कायदा झाला, पण हक्क हयातीचाच राहिला. विचारी नवरा मात्र मृत्युपत्रानें बायकोला पूर्ण मालकी देऊं शके. त्यावरहि तंटे झाले. 'मालक' हा एक शब्द लिहिला असतां तो पूर्ण मालकी दर्शवितो, कीं ती बाई आहे म्हणून हयातीपुरतीच समजावयाची? १९०७ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें सांगितलें कीं, मागच्यापुढच्या मजकुरांत उलट कांहीं नसेल तर मालक म्हणजे मालक. केवळ ती स्त्री म्हणून अर्थ आकसूं नये. १९५६ च्या कायद्यानें स्त्रीची मिळकत पूर्ण मालकीची केली. तरी ज्या मृत्युपत्रानें प्रथमच तिला एखादी मिळकत मिळते, त्यांत 'हयातीपर्यंत' असें बंधन घातलेलें असेल, तर तें बंधन त्याच कायद्यानें राखून ठेविलें आहे. तेव्हां नवरे मंडळींनीं हा शब्द लिहिण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. आपण बायकोला घर देत आहों कीं घरांत राहण्याची परवानगी, हें त्या एका शब्दावर ठरतें.

मास्तर म्हणून गल्लींतल्या पुष्कळ कागदांवर मला साक्षीला बोलावणें येई. त्याच ओळखीनें पाहिलेली एक हकीकत नांवगांव न देतां सांगतों. एका निपुत्रिक गृहस्थानें आपल्या बायकोच्या बहिणीची पोरकी मुलगी लहानपणापासून सांभाळली. दत्तविधान केलें नाहीं. गरजच कोणाला वाटली नाहीं. बायको आधीं गेली. म्हातारपणीं दहा वर्षें त्या मुलीनें त्याचें पथ्यपाणी केलें, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो म्हणे, "हें घर हिचें." लिहा असें सुचविलें कीं म्हणे, "मी इतक्यांत जात नाहीं." तो गेला. घर कायद्यानें पुतण्यांचें झालें. ते वाईट नव्हते. त्यांनीं तिला चार महिने राहूं दिलें. मग ती दोन ट्रंका घेऊन बाहेर पडली. रक्ताच्या वारसांची नोंद तीर्थोपाध्यायांच्या चोपडींत असते. पण अशा मुलीची नोंद कोठेंच नसते. कायदा रक्तानें व लग्नानें मोजतो. सेवा, माया, उपकार हीं त्याला दिसत नाहींत. तीं दाखविण्याचा एकच कागद आहे, आणि तो आपणच लिहावयाचा असतो.

इतर समाजांनीं या बाबतींत निरनिराळे मार्ग काढले. मुसलमानी कायद्यांत सामान्यतः एकतृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्रानें देतां येत नाहीं. गोव्यांत पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून अशी रीत आहे कीं, मुलें असतां बापाला निम्म्याचीच व्यवस्था इच्छेप्रमाणें करतां येते. उरलेलें निम्में त्यांच्यासाठीं राखलेलें. आपल्याकडील हिंदु गृहस्थाला स्वकष्टार्जिताविषयीं पूर्ण मोकळीक आहे. अधिकार मोठा, म्हणून जबाबदारीहि मोठी. कोणाला वगळावयाचेंच असेल तर त्याचें कारण एका शांत वाक्यांत लिहावें. रागाचें भाषण लिहूं नये. तें वाचणारा उत्तर देऊं शकत नाहीं, आणि लिहिणारा तें परत घेऊं शकत नाहीं.

एक आधुनिक गैरसमज मात्र येथें दूर करतों. बँकेंत व पतपेढींत आपण 'नॉमिनी'चें नांव देतों, आणि मृत्युपत्राचें काम झालें असें समजतों. 'कालनिर्णय' दिनदर्शिकेचे जनक जयंत साळगांवकर यांचें मृत्युपत्र २०११ चें. ते २०१३ सालीं वारले. त्यांच्या गुंतवणुकींवर नॉमिनी नेमलेले होते, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्यें न्यायालयानें ठरविलें कीं, शेअर व रोख्यांचा नॉमिनी हा त्या ठेवीचा मालक होत नाहीं. मालकी मृत्युपत्रानें किंवा वारसा कायद्यानेंच ठरते. नॉमिनी हा दारांत उभा राहून पैसे स्वीकारणारा. ते कोणाचे, हें दुसराच कागद सांगतो.

आतां हा कागद लिहावयाचा कसा? आपल्या नाशीकरोडच्या छापखान्यांत शेंकडों प्रकारचे मुद्रांक छापून निघाले. पण मृत्युपत्राला एकाहि मुद्रांकाची गरज नाहीं. साधा कोरा कागद चालतो. भाषा मराठीच असावी. कायद्याचे जड शब्द हवेत असें नाहीं, लिहिणाराचा हेतु कळला म्हणजे झालें, असें कायदाच म्हणतो. आरंभीं नांव, वय, पत्ता, तारीख, आणि पूर्वींचीं मृत्युपत्रें रद्द केल्याचें वाक्य. मग देणें किती आहे व तें कशांतून फेडावें. त्यानंतर घराचा सिटी सर्व्हे नंबर, शेताचा गट नंबर, ठेवी, दागिने, आणि प्रत्येकापुढें घेणाराचें पूर्ण नांव व नातें. "बाकी राहिलेलें सर्व अमक्याला," हें वाक्य विसरूं नये. नवी ठेव, विसरलेला प्लॉट, सारें त्यांत येतें. एक व्यवस्थापक नेमावा, तो शक्यतों आपल्याहून वयानें लहान. प्रत्येक पानावर सही करावी. लिहितां येत नसेल त्यानें अंगठा उठवावा. दोन साक्षीदारांनीं आपली सही किंवा अंगठा होतांना पाहावा, निदान आपल्या तोंडून त्याची कबुली घ्यावी, आणि आपल्या समक्ष स्वतःच्या सह्या कराव्या. त्यांनीं मजकूर वाचण्याची गरज नाहीं. ज्याला कांहीं मिळावयाचें आहे त्याला साक्षीदार करूं नये, हें शहाणपणाचें. वय फार असल्यास शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडावा; पुढचे पुष्कळ तंटे तेवढ्यानें मिटतात.

नोंदणी सक्तीची नाहीं. पण केली तर बरी. कागद बंद लखोट्यांत जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीहि सोय नोंदणीच्या कायद्यांत आहे. आणि सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ही कीं, आज लिहिलेलें उद्यां बदलतां येतें. जोंवर आपण जिवंत व शुद्धीवर आहों तोंवर घर आपलें, पैसा आपला. सही केल्यानें त्यांतलें कांहीं हातचें जात नाहीं. मिळकत गुंतागुंतीची असेल, वडिलार्जित व स्वकष्टार्जित यांची सरमिसळ असेल, तर वकिलांना अवश्य दाखवावें. बाकीच्यांना एक दुपार व चार ताव कागद पुरतात.

येत्या रविवारीं जेवण झाल्यावर निदान एवढें करावें: एका पानावर आपल्याकडे काय आहे तें लिहावें, दुसऱ्यावर देणें लिहावें, आणि तिसऱ्यावर आपल्या मागें ज्यांचें अडेल अशा माणसांचीं नांवें लिहावीं. तिसऱ्या पानावर एखादें नांव असें निघेल कीं जें वारसांच्या यादींत कोठेंच नाहीं. तें निघालें, तर सोमवारपर्यंतहि थांबूं नये.